उल्हास चौबळची कानस

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांची दुकानं संपून मिठाईची सुरू होतात, तिथून एक गल्ली आत वळलं की उल्हास चौबळचं दुकान लागायचं. दुकान म्हटलेलं त्याला खपायचं नाही, क्लिनिक म्हणायचं. पण काचेमागे चार पाय ओळीनं उभे करून ठेवलेल्या जागेला लोक दुसरं काय म्हणणार? तिथल्या मराठी मंडळातली पोरं तर त्याला तोंडावर लेगकाका म्हणायची. मधुमेहानं पाय गेलेले, गाडीखाली पाय गेलेले, इराकमध्ये पाय गेलेले, सगळे त्याच्याकडे यायचे आणि त्यानं केलेल्या पायावर चालत परत जायचे.

वय सत्तर, माणूस तिरसट. पेशंट रडगाणं गाऊ लागला की म्हणायचा, दुखतंय कुठे ते बोटानं दाखव, कविता करू नकोस. एकदा विमा कंपनीच्या माणसाच्या डोक्यावरून त्यानं हातातली कानस भिरकावली होती. भिंतीला पडलेली खोच त्यानं मुद्दाम बुजवली नाही, पुढच्या माणसाला दिसावी म्हणून. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याचा हात.

पाय करायचा म्हणजे आधी उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा काढायचा. त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतून तोच पाय घडवायचा आणि मग हातात कानस घ्यायची. जिथे मांस आहे, भार सोसेल, तिथे घासून कमी करायचं. जिथे हाडाचं टोक कातडीच्या लगेच खाली आहे, तिथे उलट प्लॅस्टरचा थर चढवायचा, म्हणजे त्यावर जे सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, बनतं त्याला आतून तेवढी पोकळी राहते आणि हाड टेकत नाही. सगळी विद्या एवढीच. दोन मिलिमीटरची चूक झाली तर माणूस चालायचा थांबतो. उल्हास हे मुंबईत हाजीअलीच्या संस्थेत शिकला, इंग्लंडमध्ये पक्कं केलं आणि शिकागोत त्यावर चाळीस वर्षं काढली. त्याचे नियम दोन. पाय कसा गेला हे आपण होऊन विचारायचं नाही. आणि नवा पाय करण्याआधी पेशंटच्या घरी जायचं, तो स्वतःच्या जिन्यावर कसा चढतो ते बघायचं.

बाहेरच्या टेबलाशी त्याची बायको मृणालिनी बसायची. तिचा डावा पाय गुडघ्याखाली उल्हासनं केलेला. बेचाळीस वर्षांत तिचे तेरा पाय झाले, तेराच्या तेराही त्याच्या हातचे. दुसऱ्या कुणाला तिनं तिथे बोट लावू दिलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला बाकीचे नवरे दागिना देतात, हा मला सॉकेट देतो, असं ती पाहुण्यांना सांगायची आणि ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही. चौदावा या उन्हाळ्यात करायचा होता. तो तिच्या पायाला हात लावायचा तेव्हा तिरसटपणा कुठल्या कुठे जायचा. त्या अर्ध्या तासात तो जेवढा चांगला माणूस असायचा, तेवढा एरवी कधीच नसायचा.

आणखी एक मान त्याच्याकडे होता. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की तबक फिरवायचं काम त्याचं, पस्तीस वर्षं. तबकात पडेल ते गावाकडच्या कामाला जायचं. कुठलं काम ते कुणी विचारत नसे, गणपतीच्या तबकात टाकलेल्याचं काय झालं म्हणून विचारणं बरं दिसत नाही. मृणालिनी मात्र आरतीला यायची नाही. इतका वेळ उभं राहणं जमत नसेल बिचारीला, असं मंडळातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिचा पाय गेला १९८२ साली. दोघं तेव्हा उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात राहत होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती. ऑक्टोबरातला शनिवार होता. ती बाजारपेठेत लोकर आणायला गेली होती आणि उल्हास तिला दोन वाजता लोकरीच्या दुकानापाशी भेटणार होता. हातातलं काम संपेना म्हणून त्याला वीस मिनिटं उशीर झाला. दरम्यान कुणीतरी पोलिसांना फोन करून सांगितलं होतं की स्टेशनच्या रस्त्यावर बॉम्ब आहे. पोलिसांनी तिथली माणसं घाईघाईनं हाकलून बाजारपेठेत आणली. बॉम्ब बाजारपेठेत होता, उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये. फोन करणाऱ्यानं रस्ता चुकीचा सांगितला होता.

उल्हास कोपऱ्यावर होता तेव्हा बॉम्ब फुटला. कानात नुसती शिट्टी वाजत होती आणि तो धुरात पळत सुटला. कपड्यांच्या दुकानातले पुतळे रस्त्यात आडवे झाले होते आणि कुठला पुतळा, कुठला माणूस हे वाकून बघावं लागत होतं. मासेवाल्याच्या दारात एक म्हातारी नीट मांडी जुळवून बसली होती, तिला खालचा जबडा नव्हता. एक बाप बाबागाडी ढकलत चालला होता, गाडीत काय आहे ते तो बघत नव्हता. मृणालिनी व्हॅनच्या दाराखाली सापडली. पाय घोट्याच्या वर फक्त कातडीच्या पट्टीनं लोंबत होता आणि नडगीचं हाड बाहेर येऊन तिच्या स्टॉकिंगमध्ये अडकलं होतं. उल्हासनं तोवर हजार कापलेले पाय हाताळले होते, पण सगळे भरून आलेले, कोरडे. त्यानं कमरेचा पट्टा काढून तिच्या मांडीला आवळला आणि गुडघा टेकून दाब देत राहिला. ती शुद्धीवर होती. ती फक्त म्हणत होती की माझी लोकर कुठे पडली बघ.

उचलताना ती कातडी तुटली. पाऊल बुटासकट खाली राहिलं. ते सोडून जाणं त्याला जमेना, म्हणून तो ते कोटाखाली धरून ॲम्ब्युलन्समध्ये बसला. हॉस्पिटलच्या दारात एका नर्सनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकलं. त्या दिवशी सात माणसं गेली, त्यात ती बाबागाडी.

पुढे पेपरात आलं की ज्यांनी हे केलं त्या आयआरएला, आयर्लंडमधून इंग्रजांना हाकलू पाहणाऱ्या संघटनेला, बंदुका आणि पैसा पुरवणारे बरेचसे अमेरिकेत आहेत. शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क. पबमध्ये गाणी म्हणतात, डोळे पुसतात आणि डब्यात नोटा टाकतात. उल्हासनं ते कात्रण पाकिटात ठेवलं. चार वर्षांनी शिकागोतल्या हॉस्पिटलनं बोलावलं तेव्हा तो तेच पाकीट खिशात घालून विमानात चढला. पगार तिप्पट होता. अमेरिकेला शिव्या त्यानं विमानातही दिल्या, पण खिडकीकडे तोंड करून.

जेरी गॅरिटी दुकानात आला तो गेल्या सप्टेंबरात. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त फायरमन, मधुमेहानं उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. देह दाराएवढा आणि आवाज त्याहून मोठा. आल्या आल्या उल्हासला डॉक म्हणू लागला. मी डॉक्टर नाही, असं उल्हासनं तीनदा सांगितलं. बरं डॉक, असं तो तीनदा म्हणाला. मृणालिनीला तर त्यानं पहिल्या दिवशीच जिंकलं. तो तिच्यासाठी बेदाणे घातलेला आयरिश पाव आणायचा, ती त्याला शंकरपाळे द्यायची, त्याला गोड चालत नाही म्हणून मोजून तीन. तिचा पाय खोटा आहे हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यानंही कधी विचारलं नाही. उल्हासला हे आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं एका पेशंटला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

साचा वाळेपर्यंत गॅरिटी गोष्टी सांगायचा. न्यूयॉर्कचे टॉवर पडले तेव्हा तो शिकागोच्या फायरमनांबरोबर तिथे ढिगारा उपसायला गेला होता. अकरा दिवस. सहाव्या दिवशी त्याला एक बूट मिळाला, आत पाऊल होतं. आमच्याच एका पोराचा बूट होता डॉक, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, ज्यांनी हे केलं त्यांना मारून उपयोग नाही, ज्यांनी घरबसल्या पैसे पाठवले त्यांना आधी टांगायला हवं. उल्हासनं मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला या माणसाला मिठी मारावीशी वाटली होती. बूट आणि पाऊल म्हणजे काय हे कळणारा दुसरा माणूस त्याला बेचाळीस वर्षांत भेटला नव्हता.

पहिला तात्पुरता पाय चांगला बसला. जानेवारीत कायमचा करायचा ठरला, कारण मार्चमध्ये साउथ साइडला आयरिश लोकांची परेड असते आणि गॅरिटीला निवृत्त फायरमनांच्या रांगेत चालायचं होतं. नियमाप्रमाणे उल्हास त्याच्या घरी गेला. जिना बघायचा होता, जिना तळघरात उतरत होता आणि तळघरात गॅरिटीनं लाकडी बार थाटला होता. बारच्या मागच्या फळीवर, झेंडा आणि फायरमनची टोपी यांच्या मधे, हिरवा पत्र्याचा डबा. वर चीर, झाकणाला छोटं कुलूप. बाजूला फोटो. तरुण गॅरिटी पबच्या दारात उभा, हातात तोच डबा, मागच्या फलकावर साल १९८२.

उल्हासनं विचारलं की हे काय. आपण होऊन विचारायचं नाही हा नियम फक्त पायाबद्दलचा होता.

गॅरिटी खुलला. दर शनिवारी दुपारी तो पबच्या दारात उभा राहायचा, सलग तीन वर्षं, एक शनिवार चुकवला नाही. डब्यावर लिहिलेलं असायचं की तुरुंगातल्यांच्या बायकापोरांसाठी. "आणि तिकडच्या आमच्या पोरांना दुसरं काही लागलं तर त्यासाठी," असं म्हणून त्यानं एक डोळा मिटला.

उल्हास म्हणाला, "तिकडे बाजारात बॉम्ब फुटत होते. त्याचं काय?"

"ते वेगळं होतं, डॉक. ती लढाई होती. आमची पोरं आधी फोन करून सांगायची."

"आणि न्यूयॉर्क?"

"न्यूयॉर्क?" गॅरिटीला प्रश्नच कळला नाही. "न्यूयॉर्क म्हणजे खून होता."

त्याच्या चेहऱ्यावर छक्कापंजा नव्हता. तो खोटं बोलत असता तर उल्हासनं डबा त्याच्या डोक्यात घातला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच उल्हासला सोसेना. त्यानं मापं घेतली, जिना तीनदा चढायला लावला आणि गाडीत येऊन बसला. परतीच्या वाटेवर त्याला लोकरीचा गुंडा आठवला. तो निळा होता आणि गटारीत अर्धा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मृणालिनी बाहेर फोनवर विमावाल्यांशी भांडत असताना, उल्हासनं गॅरिटीचा प्लॅस्टरचा पाय शिकंज्यात धरला. नडगीच्या टोकावर सवयीनं थर चढवून ठेवलेला होता. त्यानं कानस घेतली आणि तो थर उतरवला. मग आणखी घासलं. जिथे पोकळी हवी तिथे आता सॉकेटला आतून कठीण कंगोरा येणार होता, नेमका हाडाच्या टोकावर. जाणीव शाबूत असलेल्या माणसानं असलं सॉकेट पाच मिनिटांत ओरडून काढून फेकलं असतं. पण मधुमेहानं गॅरिटीच्या पायाची जाणीव गेली होती, त्याला दुखणार नव्हतं. उल्हासला हे माहीत होतं, म्हणूनच तो घासत होता. रागाच्या भरात, झटक्यात झालं, असं म्हणायची सोय नाही. पाऊण तास लागला. आणि त्या पाऊण तासात त्याला फार बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

नवा पाय पहिल्या आठवड्यात रोज तासभरच घालायचा असतो, मग काढून कातडी तपासायची असते. उल्हास प्रत्येकाला हे दटावून सांगायचा, आरसा हातात देऊन सांगायचा. परेडच्या दोन आठवडे आधी पाय देताना गॅरिटीला तो म्हणाला, घाल बिनधास्त दिवसभर, परेड झाल्यावर दाखवायला ये. आरसा त्यानं ड्रॉवरमध्येच ठेवला. गॅरिटीनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि परेडला तुम्ही दोघं आलंच पाहिजे म्हणून मृणालिनीकडून कबूल करून घेतलं.

परेडच्या रविवारी ऊन होतं. वेस्टर्न ॲव्हेन्यूवर हिरव्या टोप्यांची गर्दी आणि बॅगपाइपांचा कल्लोळ. मृणालिनीनं घडीची खुर्ची आणली होती. निवृत्त फायरमनांची रांग आली तेव्हा गॅरिटी दुसऱ्या ओळीत होता, ताठ, गळ्यात हिरवा पट्टा. तिला बघून त्यानं सलाम ठोकला. उल्हासची नजर त्याच्या पँटवर होती. निळी पँट गुडघ्याखाली काळपट दिसत होती आणि बुटावर काहीतरी गळत होतं. तो पाऊल टाकी तिथे डांबरावर एक ओला ठसा उमटत होता, आणि मागच्या ओळीतला माणूस त्यावरून चालत येत होता.

सांगायला हवं होतं, थांबवायला हवं होतं. उल्हास पन्नास पावलं नुसता कडेकडेनं त्याच्याबरोबर चालला. शेवटी ठसा पाहून एक लहान मुलगी किंचाळली. गॅरिटीनं खाली बघितलं, चमकून हसला आणि गुडघ्यातून कोसळला. उल्हास धावला. पँट फाडून पाय ओढला तेव्हा सॉकेटमधून रक्त आणि पू यांचा लोंढा त्याच्या मांडीवर आला. नडगीचं टोक उघडं पडलं होतं, पिवळसर पांढरं, भोवतीचं मांस कुजून काळं झालेलं. आठवडा तरी तो असा चालत असावा, मोजा भिजला तरी परेड चुकू नये म्हणून कुणाला न सांगता. बेचाळीस वर्षांनी तेच हाड पुन्हा उल्हासच्या समोर होतं, आणि या वेळी ते त्यानं स्वतः बाहेर काढलं होतं. त्यानं पट्टा काढून मांडीला आवळला. "काही दुखत नाहीये डॉक," गॅरिटी त्यालाच धीर देत होता.

विष वर चढलं होतं. तीन दिवसांनी डॉक्टरांनी त्याचा गुडघाही काढला. या वयात गुडघ्यावरून पाय गेलेला माणूस बहुतेक करून पुन्हा उभा राहत नाही.

रक्तानं भरलेलं सॉकेट उल्हासच्या गाडीत राहिलं होतं. मृणालिनीनं ते दुकानाच्या बेसिनमध्ये धुतलं. धुताना तिचा हात आत गेला आणि थांबला. बेचाळीस वर्षं ती उल्हासची सॉकेट घालत होती, त्याचं काम आतून कसं असतं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं बोट त्या कंगोऱ्यावरून दोनदा फिरवलं. मग सॉकेट घेऊन आत आली आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"ही चूक नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडून अशी चूक होत नाही."

उल्हासनं सगळं सांगितलं. डबा, फोटो, साल, आधी फोन करून सांगायचे ते. सांगता सांगता तो पुन्हा तापला, टेबलावर मूठ आपटून म्हणाला की ज्यानं स्वतःच्या हातानं बूट उचलला, त्याला आपला डबा दिसत नाही, इतका ढोंगी माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

मृणालिनीनं शांतपणे विचारलं, "हे तू कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी मागितलं होतं?"

ती समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कासम टेलरच्या पोरी आठवतात?"

कासम टेलर उल्हासच्या गावचा. उल्हासच्या शाळेच्या चड्ड्या त्यानं शिवल्या आणि इंग्लंडला जातानाचा सूटही त्यानंच शिवला. १९९३ मध्ये गावात दंगल झाली. तबकातला पैसा ज्या तरुणांच्या संघटनेला जात होता त्याच पोरांनी शिंपी आळी पेटवली. उल्हासच्या थोरल्या बहिणीनं, प्रतिमाताईनं, सगळं पत्रात लिहिलं होतं. दुकानाचं शटर बाहेरून कडी घालून बंद केलं होतं. आत दोघी पोरी होत्या, एक अकरा वर्षांची, एक सात. दुसऱ्या दिवशी शटर कापलं तेव्हा दोघी शिलाई मशीनखाली सापडल्या, आणि एकीला दुसरीपासून सोडवता आलं नाही म्हणून एकत्रच पुरलं. आग लावणाऱ्या पोरांच्या अंगात नवे कोरे शर्ट होते, अमेरिकेच्या मंडळानं पाठवलेले. ते पत्र मृणालिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि त्या वर्षीपासून ती आरतीला गेली नव्हती. उल्हास गेला होता, तबक घेऊन.

"ते वेगळं होतं," उल्हास म्हणाला. "आधी त्यांनी..."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. मृणालिनीनं त्याचा कोट त्याच्यापुढे धरला. कोट घाल, हॉस्पिटलला जायचंय, एवढंच म्हणाली.

गॅरिटी खाटेवर उशीला टेकून बसला होता. चादर उजवीकडे मांडीनंतर सपाट होती. मृणालिनी खुर्चीवर बसली, तिनं साडीच्या निऱ्या वर केल्या, स्वतःचा पाय काढला आणि त्याच्या चादरीवर, त्या सपाट जागी ठेवला. मग इंग्लंडमधल्या त्या गावाचं नाव सांगितलं आणि तारीख सांगितली. गॅरिटी त्या पायाकडे बघत राहिला.

"फोन केला होता ना त्यांनी?" त्यानं विचारलं.

"केला होता," मृणालिनी म्हणाली. "रस्ता चुकीचा सांगितला."

त्यानं तोंडावर हात घेतला. मोठा देह गदागदा हलू लागला. तेवढ्यात उल्हास पुढे झाला आणि त्यानं सांगून टाकलं की सॉकेट त्यानं मुद्दाम तसं केलं, कुठे घासलं, किती घासलं, आरसा का दिला नाही. गॅरिटीनं हात खाली घेतला. उल्हासला वाटलं आता हा घंटा वाजवून कुणाला तरी बोलावेल, आणि त्यानं बोलवावं असं त्याला मनातून वाटत होतं. गॅरिटीनं डोळे पुसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे, डॉक. आपलं फिटलं."

उल्हासच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं हात पुढे केला, गॅरिटीनं तो धरला. दोन म्हातारे हातात हात घेऊन रडू लागले. मृणालिनी ते बघत होती. तिनं आपला पाय चादरीवरून उचलला, चढवला, पट्टा आवळला आणि उभी राहिली.

"तुमचं दोघांचं फिटलं असेल," ती म्हणाली. "पाय माझा होता. मला कुणी विचारलं नाही, तेव्हाही नाही, आता पण नाही. आणि त्या पोरींचं कुणाशी फिटवणार तू, उल्हास?"

दोघांचे हात सुटले. ती दारापर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली, "माझा पुढचा पाय तू करायचा नाहीस."

उल्हासनं लायसन्स परत केलं, काय केलं ते लिहून दिलं. गॅरिटीनं तक्रार केली नाही, पण चौकशी व्हायची ती झाली. दुकानाच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, आणि भिंतीची ती खोच नव्या मालकानं पहिल्याच दिवशी बुजवली. गणपतीत तबक दुसऱ्या कुणीतरी फिरवलं. तबकातलं कुठे जातं, असं उल्हासनं मंडळाच्या सभेत उभं राहून विचारलं आणि कासम टेलरच्या पोरींबद्दलचं प्रतिमाताईचं पत्र वाचायला घेतलं, तेव्हा काका, आता ते कशाला, असं म्हणून चार जणांनी त्याला खाली बसवलं.

मृणालिनीचा चौदावा पाय अनया नावाची मुलगी करते आहे. इथेच जन्मलेली, तिशीची, क्लिनिक लांब उपनगरात. उल्हास तिला गाडीनं नेतो आणि बाहेरच्या खोलीत बसतो. आतून कानशीचा आवाज येतो. त्या आवाजावरून त्याला कळतं की पोरीचा हात अजून कच्चा आहे, ती एकाच जागी फार वेळ घासते आहे. तो उठून दारापर्यंत जातो.

परवा मृणालिनी बाहेर आली ती किंचित लंगडत. उल्हासनं न राहवून विचारलं, पुढच्या बाजूला टोचतंय का. तो गुडघ्यावर बसलाही होता, हात पुढे केला होता.

"टोचतंय," ती म्हणाली आणि पाय मागे घेतला. "गाडी आण."